पाठीशी कोण होतं?

खब्बाब इब्न अल-अरत हे मक्केतले लोहार. तलवारी घडवायचे. सह्म घराण्यातला एक बडा आसामी, अल-आस इब्न वाइल, याच्याकडे त्यांची मजुरी थकली होती. ती मागायला ते गेले तेव्हा अल-आस म्हणाला, "आधी मुहंमदाला नाकार, मग देतो." खब्बाब म्हणाले, "तू मरून पुन्हा उठलास तरी नाकारणार नाही." अल-आसला गंमत वाटली. मेल्यावर मी परत उठणार आहे म्हणतोस ना, मग तेव्हाच ये, तिथंही माझ्याकडे पैसाअडका आणि पोरंबाळं असतीलच, तुझं देणं तिथं चुकतं करतो, असं म्हणून त्यानं त्यांना वाटेला लावलं. कुराणाच्या १९व्या अध्यायात, सूरह मरयममध्ये, या फुशारकीला उत्तर आहे.

आता याच अल-आसची दुसरी गोष्ट. पुढं खलीफा झालेले उमर इब्न अल-खत्ताब मुसलमान झाल्याची बातमी फुटली आणि त्यांच्या दारात जमाव जमला. उमर घरात अडकलेले. तेवढ्यात उंची नक्षीदार वस्त्रं ल्यालेला अल-आस आत आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. तुझे लोक माझ्या जिवावर उठलेत, असं उमर यांनी सांगितलं. "माझं अभय आहे तुला, कोण हात लावतो बघू," असं म्हणून तो बाहेर आला आणि त्यानं जमावाला परत पाठवलं.

माणूस तोच, आणि समोरच्यांचा 'गुन्हा'ही तोच. मग एकाची मजुरी बुडवायची आणि दुसऱ्याला वाचवायला धावायचं, हे कसं? उमर यांचं अदी घराणं आणि अल-आसचं सह्म घराणं यांच्यात जुना करार होता. खब्बाब मात्र गुलाम म्हणून मक्केत विकले गेलेले, उम्म अनमार नावाच्या बाईच्या मालकीचे. खेड्यात अनोळखी पोराला म्हातारी माणसं पहिला प्रश्न विचारतात, "कुणाचा रे तू?" मक्केत या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाचा जीव अवलंबून होता. पहिल्या मुसलमानांचा छळ समजून घ्यायचा तर आधी हे ध्यानात घ्यावं लागतं. नाहीतर सगळ्या गोष्टी क्रूर माणसं आणि सोशिक माणसं एवढ्यावरच येऊन थांबतात.

मक्केला राजा नव्हता. कोतवाल नव्हता, तुरुंग नव्हता, न्यायाधीशही नव्हता. कुरैश ही एक मोठी जमात आणि तिच्यात हाशिम, मख्जूम, उमय्या, सह्म, जुमह, अदी, जुहरा अशी घराणी. कायदा म्हणाल तर एकच: माझ्या घराण्यातल्या माणसाला हात लावलास तर तुझ्या घराण्यातलं रक्त सांडेल. ही भीती हाच तिथला पोलीस. बाहेरून आलेल्या माणसाला कुठल्यातरी घराण्याशी करार करून 'हलीफ' व्हावं लागे, किंवा कुणा वजनदार माणसाचं अभय, म्हणजे 'जिवार', मागून घ्यावं लागे. असं अभय काबाजवळ चारचौघांत जाहीर केलं जाई आणि नको झालं की तिथंच परतही केलं जाई. गुलामाला यातलं काहीच नाही. त्याला मारलं तर सूड घ्यायला येणार कोण? मालकच मारणारा.

इ.स. ६१०च्या सुमारास मुहंमद यांना हिरा गुहेत पहिला संदेश मिळाला असं परंपरा सांगते. तीनेक वर्षं घरच्या आणि विश्वासातल्या माणसांतच बोलणं चाललं होतं. साधारण ६१३पासून ते उघडपणे सांगू लागले आणि तिथून खटके उडायला सुरुवात झाली.

विरोध का झाला, याचं नेहमीचं उत्तर पोटापाण्याचं आहे. काबातल्या देवतांमुळे यात्रेकरू येत, यात्रेबरोबर बाजार भरे. हिवाळ्यात येमेनकडे आणि उन्हाळ्यात सीरियाकडे कुरैशांचे तांडे जात, तेही काबाचे राखणदार म्हणून मान असल्यामुळे सुखरूप जात. देव एकच म्हटलं की हा डोलारा हलणार. हे खरंच आहे, पण मला ते अपुरं वाटतं. "मग आमचे बापजादे काय नरकात गेले?" हा प्रश्न लोकांना जास्त झोंबला असावा. शिवाय घराण्याघराण्यांतली चुरस होतीच. मख्जूमचा पुढारी अम्र इब्न हिशाम, ज्याला मुसलमान अबू जहल म्हणजे 'अज्ञानाचा बाप' म्हणू लागले, त्याच्या तोंडी एक फार खरं वाक्य आहे. त्याचा आशय असा: अब्द मनाफच्या (हाशिम घराण्याच्या पूर्वजाच्या) वंशजांनी जेवणावळी घातल्या, आम्हीही घातल्या, त्यांनी दानं दिली, आम्हीही दिली, शर्यतीच्या दोन घोड्यांसारखे आम्ही बरोबरीनं धावत असताना ते म्हणतात, आमच्यात पैगंबर झाला. आता याची बरोबरी आम्ही कशी करायची?

याच अबू जहलची छळाची रीत पैगंबरांचे चरित्रकार इब्न इसहाक यांनी नोंदवून ठेवली आहे. कुणी मुसलमान झाल्याचं कळलं की तो आधी माणूस बघायचा. घरंदाज, पाठीशी माणसं असलेला निघाला तर नुसता पाणउतारा: बापाचा धर्म सोडलास, तुझी अक्कल आणि अब्रू आम्ही धुळीला मिळवू. व्यापारी असला तर तुझा माल कुणी घेणार नाही, भिकेला लावू, ही धमकी. आणि दुबळा असला तर मार. छळाचा जणू दरफलकच.

या दरफलकात सगळ्यात खाली होते बिलाल. मूळचे हबशी, जुमह घराण्याच्या उमय्या इब्न खलफचे गुलाम. भर दुपारी तापलेल्या वाळूत त्यांना उताणं पाडून छातीवर मोठा धोंडा ठेवायचा आणि लात-उज्जा या देवतांचं नाव घे म्हणायचं. ते 'अहद, अहद', म्हणजे 'एकच, एकच' एवढंच म्हणत. शेवटी पैगंबरांचे सोबती अबू बकर यांनी दुसरा एक धडधाकट गुलाम देऊन त्यांना सोडवलं. पुढं मदिनेत पहिली बांग दिली ती याच बिलाल यांनी. आपल्याकडच्या मुसलमान घरांत बिलाल, अम्मार, सुमय्या ही नावं अजून ठेवतात ती याच गोष्टींमुळे.

अम्मार आणि सुमय्या यांची कहाणी जास्त गुंतागुंतीची. अम्मार यांचे वडील यासिर हरवलेल्या भावाच्या शोधात येमेनहून मक्केत आले आणि तिथंच राहिले. मख्जूम घराण्यातल्या अबू हुजैफानं त्यांना हलीफ करून घेतलं आणि आपली दासी सुमय्या त्यांना लग्नात दिली. म्हणजे कागदोपत्री या कुटुंबाला आधार होता. पण तो ज्या मख्जूमचा, त्यांचाच पुढारी अबू जहल. राखणारं घरच मारायला उठलं, तर दाद कुणाकडे मागायची? तिघांना उघड्यावर उन्हात तापवत. मुहंमद शेजारून जाताना "यासिरच्या माणसांनो, धीर धरा, तुमची जागा स्वर्गात आहे" एवढंच म्हणू शकत. सोडवण्याइतकं बळ त्यांच्याकडेही नव्हतं. सुमय्या यांना अबू जहलनं भाला खुपसून मारलं. इस्लामी परंपरेत पहिलं हौतात्म्य त्यांचं, एका दासीचं. यासिरही छळातच गेले.

अम्मार यांच्याकडून मात्र मारून मुटकून हवे ते शब्द वदवून घेतले गेले. ते रडत पैगंबरांकडे आले. मनातून काय वाटतंय, असं त्यांनी विचारलं. मन ईमानावर ठाम आहे, असं अम्मार म्हणाले. मग पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तसंच बोल, असं त्यांना सांगण्यात आलं. १६व्या अध्यायातली १०६वी आयत या प्रसंगाशी जोडली जाते: मन श्रद्धेवर स्थिर असून केवळ जबरदस्तीनं जो नकार देतो, त्याला दोष नाही. पुढच्या काळात धर्मशास्त्रात या एका आयतीवर खूप खल झाला. त्याचं मूळ एका मार खाल्लेल्या माणसाच्या अश्रूंत आहे.

स्त्री गुलामांची नावं फारशी घेतली जात नाहीत, म्हणून घेतो. जिन्नीरा, जिची दृष्टी छळात गेली असं सांगतात. नहदिया आणि तिची मुलगी. लुबैना, जिला मारणारे खुद्द उमर होते, मुसलमान होण्याआधीचे. मारून मारून ते थकत आणि म्हणत, दमलो म्हणून थांबलोय, दया आली म्हणून नाही. अबू बकर यांनी असे सात जण विकत घेऊन मुक्त केले. त्यावर त्यांचे वडील अबू कुहाफा यांचा व्यवहारी सल्ला: सोडवायचेच असतील तर दणकट गडी सोडव, उद्या तुझ्या पाठीशी तरी उभे राहतील, या दुबळ्या बाया कशाला? म्हातारा चुकीचं बोलत नव्हता, मक्केच्या हिशेबानं.

मग घरंदाजांचं काय? त्यांना बाहेरचा कुणी हात लावत नसे, पण घरातल्यांना कोण अडवणार? उस्मान इब्न अफ्फान यांना त्यांच्या काकानं बांधून घातलं. मुसअब इब्न उमैर हे मक्केतले सगळ्यात नटूनथटून राहणारे, अत्तर लावणारे तरुण. त्यांना आईनंच कोंडलं. पुढं ६२५मध्ये उहुदच्या लढाईत ते पडले तेव्हा अंगावर घालायला एकच वस्त्र होतं, डोकं झाकलं तर पाय उघडे पडत. साद इब्न अबी वक्कास यांच्या आईनं अन्नपाणी सोडलं: तू परत ये, नाहीतर मी मरते, लोक तुला आईचा मारेकरी म्हणतील. भाल्यापेक्षा हे हत्यार सोपं नव्हतं.

मख्जूमच्या काही लोकांना वलीद इब्न अल-वलीद या तरुणाला धडा शिकवायचा होता. ते आधी त्याचा भाऊ हिशाम याच्याकडे परवानगी मागायला गेले! हिशाम स्वतः मुसलमान नव्हता. तो म्हणाला, खुशाल समज द्या, पण जिवाला सांभाळून. तो मेला तर तुमच्यातला सगळ्यात मोठा माणूस मी मारीन. मंडळी शिव्या घालत परत गेली.

परक्यांना मात्र कुणीही बदडावं. गिफार जमातीच्या अबू जर यांनी काबाजवळ मोठ्यानं आपली श्रद्धा जाहीर केली आणि लोक तुटून पडले. अब्बास, म्हणजे पैगंबरांचे काका, त्यांच्या अंगावर पालथे पडले आणि ओरडले, "अरे हा गिफारचा आहे! सीरियाचा तुमचा रस्ता यांच्याच मुलखातून जातो!" हात तत्काळ थांबले. दुसऱ्या दिवशी अबू जर यांनी पुन्हा तेच केलं, पुन्हा मार खाल्ला आणि अब्बास यांनी पुन्हा तेच वाक्य ऐकवलं.

६१५च्या सुमारास पैगंबरांनी आपल्या लोकांना समुद्रापलीकडे हबशा देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला, जायला सांगितलं, तिथल्या राजाच्या राज्यात कुणावर अन्याय होत नाही म्हणून. आधी पंधराएक जण गेले, नंतर आणखी. पुरुषच ऐंशीच्या वर. यादी पाहिली की एक गोष्ट खटकते. जाणाऱ्यांत उस्मान आहेत, मुसअब आहेत, पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर आहेत. सर्वांत जास्त मार खाणारे बिलाल त्यात नाहीत. पळून जायलाही स्वतःवर स्वतःचा ताबा लागतो. शिवाय मुलांनी घर सोडून जाणं हा कुरैश घराण्यांच्या अब्रूवर घाव होता, म्हणून त्यांनी अम्र इब्न अल-आस, आपल्या त्या अल-आसचाच मुलगा, आणि आणखी एकाला चामड्याच्या उंची भेटवस्तू देऊन राजा नजाशीकडे पाठवलं. दरबारात जाफर बोलले: आम्ही मूर्ती पूजत होतो, मेलेलं खात होतो, नाती तोडत होतो, बलवान दुर्बळाला गिळत होता. मग त्यांनी येशूच्या जन्माची कथा असलेल्या सूरह मरयममधला भाग म्हणून दाखवला. ख्रिस्ती राजाच्या डोळ्यांत पाणी आलं, असं उम्म सलमा सांगतात. त्या स्वतः तिथं आश्रयाला होत्या. भेटवस्तू परत गेल्या, माणसं राहिली. जाफर तर थेट ६२८मध्ये मदिनेला आले.

उस्मान इब्न मजऊन हबशाहून परतले ते वलीद इब्न अल-मुगीराच्या अभयावर. इतर सोबती मार खाताहेत आणि आपण एका मूर्तिपूजकाच्या सावलीत सुखानं फिरतोय, हे त्यांना बोचू लागलं. काबाजवळ जाऊन त्यांनी ते अभय जाहीरपणे परत केलं. नंतर कवी लबीद यांच्या मैफलीत जाऊन बसले. "ईश्वराखेरीज सारं व्यर्थ," लबीद म्हणाले. "खरं," उस्मान म्हणाले. "आणि प्रत्येक सुख सरणारच." "खोटं! स्वर्गाचं सुख सरत नाही." वाद पेटला, कुणीतरी ठोसा मारून त्यांचा डोळा काळानिळा केला. वलीद जवळच होता. तो म्हणाला, माझ्या अभयात असतास तर डोळा शाबूत राहिला असता. उस्मान म्हणाले, माझा धड डोळासुद्धा आता त्या दुसऱ्या डोळ्यासारख्याच तडाख्याची वाट बघतोय.

खुद्द मुहंमद यांना ढाल होती ती काका अबू तालिब यांची. सुन्नी परंपरेनुसार अबू तालिब यांनी इस्लाम स्वीकारला नाही. शिया परंपरा स्वीकारला असं मानते. पुतण्याला त्यांनी सोडलं नाही, यावर मात्र दोघांचंही एकमत. मग कुरैशांनी अख्ख्या हाशिम आणि मुत्तलिब घराण्यांनाच वाळीत टाकलं. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही, खरेदी-विक्री नाही, असा करार लिहून काबात टांगला. साधारण ६१६ ते ६१९ ही दोन्ही घराणी, मुसलमान असोत वा नसोत, अबू तालिब यांच्या घळीत कोंडली गेली. पोरांच्या भुकेल्या रडण्याचा आवाज बाहेर ऐकू येई. फक्त अबू लहब, पैगंबरांचा काका, बाहेरच्यांना जाऊन मिळाला.

पण घराण्यांची वीण अशी की वाळीतही गळती लागते. पैगंबरांच्या पत्नी खदीजा यांचा भाचा हकीम आत्यासाठी गहू घेऊन निघाला. हिशाम इब्न अम्र रात्री धान्यानं लादलेला उंट घळीच्या तोंडाशी आणून हाकलून देई. शेवटी याच हिशामनं चौघांना गाठून, आपण पोटभर जेवतो आणि आपलेच नातलग उपाशी मरतात हे बरं दिसत नाही, असं पटवलं. करार फाडायला गेले तर तो वाळवीनं आधीच खाल्लेला होता, असं सांगतात.

६१९मध्ये खदीजा गेल्या, अबू तालिब गेले. घराण्याचा कारभार अबू लहबकडे आला आणि ढाल गळून पडली. पैगंबर ताइफला आधार शोधायला गेले. तिथं उनाड पोरांनी दगड मारून पाय रक्तबंबाळ केले. परत मक्केत शिरायचं तर आता अभय हवं. एकाकडे निरोप पाठवला. तो म्हणाला, मी स्वतःच हलीफ, मला अभय देता येत नाही. दुसरा म्हणाला, आमचं घराणं तुमच्या शाखेविरुद्ध अभय देत नसतं. तिसरा मुतइम इब्न अदी. करार फाडणाऱ्यांत तोही होता. त्यानं मुलांसह शस्त्रं चढवली आणि मुहंमद यांना काबापर्यंत आणलं. तो कधीच मुसलमान झाला नाही. पुढं ६२४च्या बद्रच्या लढाईत कुरैशांचे कैदी हाती आले तेव्हा पैगंबर म्हणाले, मुतइम आज हयात असता आणि त्यानं शब्द टाकला असता, तर मी यांना त्याच्यासाठी सोडून दिलं असतं.

हे सगळं आपल्यापर्यंत येतं ते मुख्यतः इब्न इसहाक यांच्या चरित्रातून. ते वारले ७६७च्या आसपास, म्हणजे घटनांनंतर सुमारे दीडशे वर्षांनी. मधल्या काळात 'कोण आधी मुसलमान झालं, कुणी जास्त सोसलं' याला मोल आलं होतं. उमर खलीफा असताना सरकारी तनखाही या ज्येष्ठतेवर ठरत असे. त्यामुळे काही कहाण्यांना पाय फुटले असणार. तरीही या गोष्टी नंतरच्या थोरांना सोडत नाहीत, दासीला मारणारे उमरही त्यात आहेत. शत्रूंच्या माणुसकीलाही त्या जागा देतात. म्हणून एकूण चित्रावर माझा विश्वास बसतो.

६२२च्या हिजरतीच्या, म्हणजे मदिनेला स्थलांतर करण्याच्या वेळी पैगंबरांना मारण्याचा जो बेत झाला, तोही घराण्यांच्या गणितानंच. अबू जहलची युक्ती अशी: प्रत्येक घराण्यातून एकेक तरुण घ्यायचा, सगळ्यांनी एकदम वार करायचा. रक्त सगळ्यांच्या माथी वाटलं गेलं की हाशिम कुणाकुणाशी लढणार? खुनाची भरपाई घेऊन गप्प बसतील.

पण त्या काळातली माझ्या मनातून न जाणारी गोष्ट हबशाहून मक्केला परतलेल्या उम्म सलमा यांची आहे. त्यांचे पती अबू सलमा त्यांना आणि लहानग्या सलमाला उंटावर बसवून मदिनेला निघाले. माहेरचे लोक आडवे आले: तू जा, आमची मुलगी देणार नाही. त्यांनी उंटाचा दोर हिसकावला. ते पाहून सासरचे चिडले: मग आमचं पोर तुमच्याकडे ठेवणार नाही. ओढाताणीत मुलाचा हात निखळला. नवरा मदिनेत, मुलगा सासरी, बाई माहेरी. जवळजवळ वर्षभर त्या रोज सकाळी अब्तहच्या माळावर जाऊन संध्याकाळपर्यंत रडत बसत. अखेर एका चुलतभावाला दया आली, माहेरच्यांनी सोडलं, सासरच्यांनी मूल दिलं. त्या एकट्याच मूल घेऊन उंटावर निघाल्या. तनईमला उस्मान इब्न तल्हा भेटले, तेव्हा मुसलमान नव्हते. बाई, तुमच्यासोबत कुणी नाही? नाही, एक ईश्वर आणि हे बाळ. त्यांनी उंटाचा दोर धरला. मुक्कामाला उंट बसवून स्वतः दूर झाडाखाली जाऊन पडत, निघताना उंट तयार करून पाठ फिरवून उभे राहत. कुबाची वस्ती दिसली तसे, तुमचे यजमान या गावात आहेत, असं सांगून आल्या वाटेनं पायी परतले.

पुष्कळ वर्षांनी उमर खलीफा असताना खब्बाब त्यांना भेटायला आले. उमर यांनी त्यांना आपल्या बैठकीवर बसवलं आणि म्हणाले, या जागेवर तुमच्याहून जास्त हक्क फक्त एकाचा, बिलालचा. जुने चरित्रकार इब्न साद यांनी खब्बाब यांचं उत्तर नोंदवलं आहे. ते म्हणाले, त्याचा हक्क माझ्याहून जास्त नाही. त्या लोकांतही बिलालला वाचवणारं कुणीतरी होतं, मला कुणी नव्हतं. एके दिवशी मला धरून त्यांनी निखाऱ्यांवर पाडलं आणि एकानं छातीवर पाय दिला. जमिनीपासून वाचायला मला माझ्या पाठीशिवाय काही नव्हतं. मग त्यांनी अंगावरचं वस्त्र वर करून पाठ दाखवली. ती कोड फुटल्यासारखी पांढरी पडली होती.